फोटो काढायचा नाही, असं ठरलं होतं

मनोज आणि रिंकी या नवरा-बायकोला आमच्या साहेबांनी फसवलं. शब्द साहेबांचा होता, पण साहेबांना त्यांच्यासमोर उभं करणारी मी होते, म्हणून ती फसवणूक मी माझ्याही खात्यात धरते. हे सुरुवातीलाच लिहिते. दिवाळी अंकासाठी लेख मागायला आलेल्या ताई म्हणाल्या होत्या, "मावशी, गोड आठवणी लिहा." गोड आठवणी पुष्कळ आहेत, त्याही येतील. पण आधी हे.

मी वाळूजच्या बजाजनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, आशा कार्यकर्ती होते. आता वयामुळं काम थांबलं. ज्यांच्या दारी कधी आशा आली नाही त्यांच्यासाठी सांगते: सरकारी दवाखाना आणि घर यांच्या मधे उभी असते ती आशा. कोण गरोदर आहे, कुणाच्या बाळाची लस राहिली, कुणाचं पोर वाळत चाललंय, हे दारोदार फिरून बघायचं आणि माणसाला दवाखान्यापर्यंत न्यायचं. हात धरून नेता येत नाही. मनात नसेल तर माणूस वाटेतून परत फिरतो, आणि पुढच्या वेळी दार उघडत नाही.

त्याआधी मी बांगड्या विकायचे. आमच्यात हे काम कुणी केलं नव्हतं. माहेर पाचोडकडचं, शेतीवाडीचं. लग्न होऊन इकडं आले, नवऱ्याची कंपनी बंद पडली, आणि मला घरात हातावर हात धरून बसणं जमेना. औरंगपुऱ्यातल्या घाऊक दुकानातून माल उचलायचा, टोपलीत भरायचा आणि कामगारांच्या लायनीतून ओरडत हिंडायचं. भावकीतून निरोप आला, "पाटलाच्या सुनेनं टोपली डोक्यावर घेतली व्हय?" मी उलट निरोप धाडला, "डोक्यावर नाय, कमरेवर घेतली. तुमच्या बायकांचं माप सांगा, येताना घेऊन येते." पुन्हा निरोप आला नाही.

बांगड्यांच्या धंद्यात एक रिवाज आहे. चढवताना बांगडी फुटली तर नुकसान विकणारीचं. समोरच्या बाईनं हात आखडून धरला असेल, मधेच ओढला असेल, तरी माझ्या हातून चढताना फुटली ती माझी. पुरती चढली की मग तिची. हा रिवाज कुठं लिहिलेला नाही. पण तो मोडणारीपुढं त्या गल्लीत परत कुणी हात करत नाही. मी आशा झाले तेव्हा एवढा एकच नियम बरोबर घेऊन आले. बाकीचं प्रशिक्षणात शिकवलं.

लाइन म्हणजे एका ओळीत बांधलेल्या खोल्या. समोर नळ, मागं संडास, प्रत्येक दारात चपलांचा ढीग. बिहार, उत्तर प्रदेश, आपल्याकडचं हिंगोली-परभणी, सगळीकडची माणसं. बाप पाळीवर, आई एकटी, ओळखीचं कुणी नाही. सुरुवातीला मी नवी पिशवी खांद्याला लावून गेले आणि दार वाजवून सांगितलं, "लस फुकट आहे, पोरं घेऊन या." कडी आतून लागायची. बलियाकडचे एक यादवजी होते, मिशीवाले, त्यांनी दार अर्धं उघडून मला विचारलं, "फ्री में क्यूँ दे रहे हो? तुमको क्या मिलता है?"

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. तिथंच चार शब्द सुनावले आणि निघाले. नळापर्यंत गेल्यावर मनात आलं, माणूस बरोबर बोलला. बाजारात मला कुणी बांगड्या फुकट दिल्या असत्या, तर मीही आधी त्या उजेडात धरून तडा शोधला असता. परत गेले आणि सांगितलं, "मला तुमच्या पोरामागं मानधन मिळतं. आणि तुमच्या पोराला गोवर झाला तर तो माझ्या नातवापर्यंत येतो. दोन्हीकडून माझा फायदा आहे." यादवजी मिशीत हसले. "तो ऐसे बोलो ना, मौसी." दोन्ही पोरांना घेऊन तेच सगळ्यांच्या आधी हजर.

तेव्हापासून मी फुकट हा शब्द सोडला आणि घासाघीस धरली. भाव करणारी बाई मला आवडते. जिला घ्यायचंच नसतं ती भाव करत नाही, "बघू" म्हणून आत जाते. हिंगोलीकडची कलावती बांधकामावर जायची. ती म्हणाली, "सुई दिल्यावर पोरगं रात्रभर किरकिरतं, दुसऱ्या दिवशी माझा रोज बुडतो. सुट्टीच्या आदल्या दिवशी देत असाल तर बोला." मी आमच्या जोशी सिस्टरकडं गेले. सिस्टर नियमाच्या पक्क्या. म्हणाल्या, "लसीकरणाचा वार ठरलेला असतो, तो तुमच्या कलावतीला विचारून बदलायचा?" मी म्हटलं, "तुमच्या वाराला किती पोरं येतात? भरला डबा घेऊन बसण्यापेक्षा तिचा वार घ्या." आठवडाभर आमचं बोलणं बंद होतं. मग सिस्टरनीच वरून परवानगी आणली, आणि पहिल्याच वेळी त्यांचा लशीचा डबा रिकामा झाला. कलावती जाताना मला म्हणाली, "बघा, माझ्यामुळं तुमचा धंदा झाला." मी म्हटलं, "व्हय बाई, लई उपकार."

पोरांचा दंड मोजायची एक रंगीत पट्टी असते. हिरव्यात आला तर ठीक, लालात आला तर पोर फार अशक्त. लाइनीतल्या आयांना पट्टी नको असायची. पोराला मोजलं की नजर लागते, वाढ खुंटते, असं त्यांच्यात धरतात. आपल्याकडंही धरायचे. मी टोपलीत काळ्या मण्यांच्या मनगट्या ठेवायला लागले. आईला आधीच सांगायचं, "मी पट्टीनं मोजणार, आणि मोजल्यावर नजरेची मनगटी घालणार." नजर लागायच्या आत उतरलेली असायची, मग आई पोराचा हात आपणहून पुढं करायची. सिस्टर म्हणाल्या, "हे प्रशिक्षणात नव्हतं." मी म्हटलं, "पुढच्या प्रशिक्षणात घ्या."

रिंकीशी ओळख बांगड्यांवरूनच झाली. आशा झाल्यावरही मी टोपली सोडली नव्हती. बिहारकडची, विशीतली पोर, हिरव्या बांगड्या घ्यायची आणि तासभर भाव करायची. एकदा तिच्या हातातल्या जुन्या बांगड्या कोपरापर्यंत घसरताना दिसल्या. म्हटलं, ही जेवत नाही. मग मांडीवरच्या गुड्डीकडं बघितलं. वर्ष होऊन गेलेलं, मान धरून बसणारं पोर, पण चेहरा म्हातारीसारखा. पट्टी लावली. पुरती लालात. दोन्ही हातांत मनगट्या घातल्या.

अशा पोराला आईसकट दवाखान्यात ठेवावं लागतं. खास वॉर्ड असतो. थोडं थोडं, ठरलेल्या वेळी, मोजून भरवतात. घरी ते होत नाही, कारण असं पोर एकदम पोटभर खाऊही शकत नाही. मनोज पाळीवरून आला तेव्हा मी त्यांच्या दारात बसून होते. तो कारखान्यात लोखंड कापायचा. हात काळे, डबा तसाच हातात.

"हस्पताल में नहीं डालेंगे, मौसी."

"का? पैसा लागत नाही."

"पैसे की बात नहीं. वहाँ फोटो खींचते हैं."

"फोटोनं काय होतंय?"

तो डबा उघडून पुन्हा लावत बसला. शेवटी रिंकीच बोलली. गावाकडून तो मोठ्या भावाशी भांडून आला होता. भावानं सगळ्यांसमोर म्हटलं होतं, तुझ्यानं संसार होणार नाही, दोन महिन्यांत परत येशील. तेव्हापासून मनोज घरी फोन केला की सांगायचा, गुड्डी एकदम मोटी-ताजी आहे. फोटो मागितला की कंपनीच्या गेटसमोरचा स्वतःचा पाठवायचा.

मला ते कळलं. मी टोपली घेतली तेव्हा माझ्या भावकीनं काय काय म्हटलं होतं ते आठवलं. म्हटलं, "ठीक. अटी सांग."

अटी तीन. फोटो अजिबात काढायचा नाही. थोरला मुलगा चार वर्षांचा, तो आईजवळच राहील, कारण खोलीवर त्याला सांभाळायला कुणी नाही. आणि मनोज पाळी सुटल्यावर कितीही वाजता आला तरी त्याला आत सोडायचं. मी म्हटलं, "दुसरी-तिसरी मी भांडून घेते. पहिली वरच्या माणसाकडूनच घ्यावी लागंल."

वरचा माणूस म्हणजे आमचे साहेब. पोषणाचं काम त्यांच्याकडं होतं. त्याच आठवड्यात ते तपासणीला आले. मी मनोजला घेऊन गाडीजवळ उभी राहिले. माझ्यामार्फत शब्द नको होता, समोरासमोर हवा होता. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस बोलायला गोड. मनोजच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाई, फिक्र मत करो. एक भी फोटो नहीं निकलेगा. मेरी ज़बान है." मनोजनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. सौदा झाला.

वॉर्डातले दिवस माझ्या गोड आठवणीतले. थोरल्या पोराला बघून तिथली आया ओरडली, "एका खाटेवर एकच लेकरू!" मी कंबर बांधून उभीच राहिले होते, तेवढ्यात वॉर्डाच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "राहू द्या हो. मी त्याला बघितलंच नाही." पोरगं त्यांच्या टेबलाखाली बसून खडूनं रेघोट्या ओढत होतं. मनोज रोज यायचा, हात घासून घासून लाल करून. रिंकीला आधी वाटायचं, एवढंसं भरवतात, उपाशी मारतील. चमच्याचमच्याला माझ्याकडं बघायची. मग एके सकाळी गुड्डीनं वाटी धरली आणि फेकून दिली. खाली सगळा राडा. रिंकी घाबरली. डॉक्टर मॅडम टाळी वाजवून म्हणाल्या, "फेकली? राग आला? चला, पोरगी बरी झाली." मी म्हटलं, "म्हंजे मी कायम ठणठणीत असते ते यामुळंच." त्या दिवशी रिंकी पहिल्यांदा खळखळून हसली.

घरी आले. गालावर मांस धरलं. लाइनीतल्या बायका येऊन बघून गेल्या, आणि आणखी दोघींनी आपणहून पोरांचे दंड मोजून घेतले. माझ्या धंद्यात याहून मोठी जाहिरात नाही.

पुढं पोषण महिना आला आणि चौकात फ्लेक्स लागला.

आपल्याकडच्या चौकात फ्लेक्स नाही असा दिवस नसतो, म्हणून मी वर बघितलंही नाही. भाजीवाला म्हणाला, "मावशी, तुमच्या लायनीतलं पोरगं झळकलंय की." वरती हात जोडलेले पुढारी, त्यांच्या बाजूला आमचे साहेब. खाली दोन फोटो. एक भरतीच्या दिवसाचा: गुड्डी उघडी, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, धरून बसलेल्या रिंकीचा अर्धा चेहरा. दुसरा सुट्टीच्या दिवसाचा. मधे बाण. कुणी, कधी काढले, मला पत्ता नव्हता. वजन घेताना केसपेपर आणायला मला बाहेर धाडलं होतं, तेव्हा पहिला निघाला असणार. रिंकीला वाटलं असेल, फोनवर वजन टिपून घेतायत.

मी भाजीवाल्याचा विळा घेतला आणि त्याच्या हातगाडीवर चढले.

"अहो मावशी, वर साहेब हायेत, पुढारी हायेत!"

"वरचे ठेवते. खालचंच कापते."

तसंच केलं. वर सगळे हात जोडून हसतायत आणि खाली भोक, असा तो फ्लेक्स बरेच दिवस चौकात होता. पण उशीर झाला होता. मनोजच्या गाववाल्या एका पोरानं कौतुकानं फोटो काढून गावाकडं पाठवला होता. भावाचा फोन आला. काय बोलला ते मनोजनं कधी सांगितलं नाही. मी खोलीवर गेले तर कुलूप. खोलीमालक म्हणाला, "पहाटे सामान भरून गेले. कुठं, ते नाही सांगितलं."

साहेबांनी बोलावून घेतलं. मी जाणारच होते.

"मावशी, पोरगी वाचली ना? मग झालं काय? चांगल्या कामाची माहिती लोकांना नको?"

"तुम्ही शब्द दिला होता."

"फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी द्यायला सांगितली होती. फ्लेक्सवाला विसरला."

"पट्टीचं ठरलं नव्हतं. फोटोच नाही असं ठरलं होतं. तुमचा हात त्याच्या खांद्यावर होता."

"डिझाइन मी पास केलं, कबूल. पण हेतू वाईट नव्हता."

मी त्यांना बांगडीचा रिवाज सांगितला. हेतू कसाही असो, चढवताना फुटली की तुमची. साहेब हसले. म्हणाले, "हे ऑफिस आहे, बांगड्यांची गल्ली नाही." आणि फ्लेक्स कापल्याबद्दल मला मेमो दिला. मी तो मुकाट्यानं घेतला. त्याच्यावर लिहायला मागची बाजू कोरी होती, किराण्याची यादी करायला उपयोगी पडला.

पुढच्या लसीकरणाला लाइनीतून एकही पोर आलं नाही. सिस्टर डबा घेऊन बसल्या, मी दारं वाजवली. "मौसी, आज नहीं." कलावतीसुद्धा म्हणाली, "तुमच्यावर राग नाय मावशी. पण तुमच्या मागं कोण उभं हाये, ते आता आमाला दिसतंय." यादवजींनी पुन्हा दार अर्धंच उघडलं.

मला मात्र घोर गुड्डीचा होता. वॉर्डातून सुटलेलं पोर पुढं काही महिने बघावं लागतं, नाहीतर पुन्हा तिथंच येतं. फोन बंद. मग मी टोपली भरली आणि वाळूजच्या त्या टोकापर्यंत लाइनी पालथ्या घातल्या. आशा म्हणून नाही गेले. बांगडीवाली म्हणून ओरडत गेले, जुन्याच सुरात. किती गल्ल्या झाल्या कोण जाणे. एका दुपारी मागून आवाज आला, "मौसी, हरी वाली है?"

रिंकी दारात उभी होती. गुड्डी कडेवर, थोडी उतरलेली, पण मनगट्या हातात तशाच. रिंकीनं त्या काढल्या नव्हत्या. मी टोपली खाली ठेवली.

मनोज घरीच होता. त्यानं भिंतीकडं तोंड केलं. मी माफी मागायला सुरुवात केली तर रिंकीनं थांबवलं. ती घासाघिशीवर आली. म्हणाली, गुड्डीला दाखवायला आणीन, पण जो कुणी तपासेल त्याचा फोन आधी या टोपलीत. सिस्टरचा, डॉक्टरचा, आणि तुझाही. "पहले टोकरी, फिर बच्ची."

मी म्हटलं, "कबूल." एवढा सरळ सौदा मी आयुष्यात केला नाही.

मनोज भिंतीकडं बघतच बोलला, "और उस साहब को बोलो, यहाँ आके बोले."

"काय बोलू दे? माफी?"

"माफी नहीं चाहिए. बस मेरे सामने बोले कि उसने ज़बान दी थी."

टोपलीची अट मी आमच्या लाइनीतही लावली. अंगणवाडीच्या दाराशी टोपली ठेवायची, आत येणाऱ्या प्रत्येकानं फोन त्यात टाकायचा. पहिल्यांदा जोशी सिस्टरनी टाकला, कुरकुर न करता. बायका खिडकीतून बघत होत्या. कलावती आली. मग दुसऱ्या वेळी यादवजी धाकट्याला घेऊन आले, टोपलीत डोकावून फोन मोजून गेले. हळूहळू दारं उघडली. मनोज-रिंकी परत आमच्याच लाइनीत राहायला आले. गुड्डी आता अंगणवाडीत जाते, खाऊ आवडला नाही तर वाटी फेकते, आणि मदतनीस माझ्याकडं बघून म्हणते, "मावशी, हिला तुमचा वारा लागलाय." मी खूश आहे. या वयात माणसाला आणखी काय पाहिजे? लाइनीतून चालले की प्रत्येक दारातून चहा विचारतात.

पण तो निरोप मी साहेबांना पोचवला होता. आधी म्हणाले, "वेळ काढतो." मग त्यांची बढती झाली आणि वेळ आणखी कमी झाला. माझ्या निरोपसमारंभाला मात्र आले, पाहुणे म्हणून. समारंभ अंगणवाडीतच होता. दाराशी टोपली बघून हसत म्हणाले, "हीच का ती?" आणि फोन टाकला. मग लोकांचा विश्वास कसा मिळवावा, यावर चांगलं लांबलचक बोलले. मनोज मागं उभा होता, पाळीवर जायचा डबा हातात धरून. भाषण झाल्यावर मी साहेबांच्या कानात सांगितलं, "तो बघा, मागं उभाय. चार पावलं आहेत." त्यांनी घड्याळ बघितलं, टोपलीतून फोन उचलला आणि गेले. मनोजही पाळीला गेला.

साहेब, हा अंक तुमच्या टेबलावर येईल अशी व्यवस्था मी केली आहे. लाइन तुम्हाला माहीत आहे, मनोजची खोली नळासमोर आहे, सुट्टीच्या दिवशी तो घरी असतो. मेमो नको, पत्र नको, फ्लेक्स तर नकोच. या, फोन टोपलीत ठेवा, त्याच्यासमोर उभे राहा आणि बोला, की शब्द तुम्ही दिला होता आणि मोडलाही तुम्हीच. बांगडी तुमच्या हातात फुटली आहे. कधी येताय?